इन्स्पेक्टरची मिशी

वहिनींनी शिवलेले पडदे ओढले की भर दुपारीही खोलीत काळोख व्हायचा, अशी त्यांची ख्याती होती. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं मशीन. पुढे काचा, दिवे, कापडाचे गठ्ठे आणि गोड बोलणारे विक्रेते. मागे ओळीने मांडलेली शिलाई मशिनं आणि त्यांचा अखंड खडखडाट. लग्नानंतर वर्षभरात वहिनी तिथे जाऊन बसल्या, त्या केसांत चांदी आली तरी तिथेच होत्या. कापडाचे पन्हे कसे जोडायचे म्हणजे नक्षी तुटत नाही, चुण्या किती घ्यायच्या म्हणजे पडदा भरदार दिसतो पण दांडीवर अडत नाही, हे त्यांच्या बोटांना कळायचं, डोक्याला विचारावं लागायचं नाही. दुकानात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, इमारतीतही वहिनीच. एकदा भांडायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जाताना “बरंय वहिनी, येतो” म्हणून गेलं होतं.

पण अलीकडे लोक वेगळंच बोलू लागले होते. वहिनी बदलल्या म्हणे. जिन्यात हाक मारली तर वळून बघत नाहीत. कुणाकडे चार माणसं जमली तर कोपरा धरून बसतात आणि सगळ्यांच्या आधी उठतात. खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने, म्हणजे सगळे ज्याला केमिस्ट म्हणत त्याने, एकदा सहज विचारलं, “वहिनी, गुडघा कसाय?” त्यावर वहिनी म्हणाल्या, “बघू.” तेव्हापासून तो बिचारा विचार करत होता की आपलं काय चुकलं.

खरी गोष्ट अगदी साधी होती. वहिनींना ऐकू येत नव्हतं.

हे एका दिवसात झालं नाही. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा गेली, मग माणसांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं गळून पडू लागली. वहिनींनी यावर आपल्या परीने तोडगे काढले. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बरंचसं ओळखायच्या. बसताना नेहमी पाठ भिंतीला आणि तोंड उजेडाच्या बाजूला असलेल्या माणसांकडे. फोन आला की “रेंज नाही गं” म्हणून ठेवून द्यायचा. आणि कुठल्याही वाक्याला चालतील अशी तीन उत्तरं त्यांनी हाताशी ठेवली होती: “तर काय!”, “अगंबाई!” आणि “बघू.” माणसं आपलं बोलणं ऐकवण्यात इतकी गुंग असतात की या तीन उत्तरांवर वहिनींनी वर्षं काढली. नवरा पाणी उपसायच्या पंपघरात कामाला. जन्मभर पंपांच्या घरघरीवर ओरडून ओरडून त्याला घरातही ओरडूनच बोलायची सवय. त्यामुळे घरचं निभावत होतं.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं कुणालाही वाटेल. पण वहिनींनी आपल्या वडिलांना बघितलं होतं. वडील बहिरे झाले तेव्हा घरात सुरुवातीला सगळे ओरडून सांगायचे, मग खुणांनी सांगायचे, मग एकमेकांकडे बघून हसायचे. वडील विचारायचे, “काय झालं रे?” आणि कुणीतरी हात झटकून म्हणायचं, “काही नाही, जाऊ दे.” शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. भरल्या घरात तो माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पाहुण्यासारखा झाला. ते “काही नाही, जाऊ दे” वहिनींच्या काळजात रुतून बसलं होतं. आपल्या वाट्याला ते येऊ नये म्हणून शिष्ट म्हणवून घ्यायलाही त्या तयार होत्या.

एकाच बाबतीत त्यांना चैन नव्हतं. धाकटी नणंद तुटली होती. तिचं घरातलं नाव बेबी. आता पन्नाशीची, दार भरून उभी राहणारी, जिन्याखालून हसली तर वर कळावं अशी बाई. पण नाव बेबी ते बेबीच. तिचं आणि वहिनींचं मेतकूट असं होतं की लोकांना त्या सख्ख्या बहिणी वाटायच्या. ती बेबी एक दिवस घरी आली, स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभी राहिली आणि चहा न घेताच निघून गेली. त्यानंतर फिरकली नाही. भावाने कारण विचारलं तर म्हणाली, “आपल्या बायकोला विचार.” बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय ठाऊक?” आणि ते खरंच होतं.

वहिनींची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने ही गाठ सोडवायची ठरवलं. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक खेळ झाला होता. जेवायला पाहुणे बोलवायचे, प्रत्येकाला एक सोंग द्यायचं, एकाने मेल्याचं नाटक करायचं आणि जेवता जेवता बाकीच्यांनी खुनी शोधायचा. खेळाचा खोका विकत मिळतो; आत सोंगांची कार्डं, नियम, सगळं काही. लेकीने तो आणला आणि आधी आत्याला फोन केला.

“आत्या, खुनाचा तपास करायला इन्स्पेक्टर हवाय.”

बेबीआत्या म्हणजे रहस्यकथांचा किडा. जेवताना पुस्तक, बसमध्ये पुस्तक. तिचा मान दुखावला होता, पण मोह मानापेक्षा मोठा निघाला. “तुझ्यासाठी येते हं,” ती म्हणाली. “तुझ्या आईसाठी नाही.”

वहिनींना हे कळलं. बेबी येणार म्हणून आनंद, आणि बोलण्याचा खेळ म्हणून धास्ती. पण वाचण्यात त्यांना कुणी हरवणार नव्हतं. त्यांनी नियमांचा कागद पाठ केला. त्यांचं सोंग होतं हवेलीच्या मालकीणबाईचं, जिच्या नवऱ्याला कुणीतरी विष घातलंय. त्या निर्दोष होत्या, फक्त आदल्या दिवशी नवऱ्याशी झालेलं भांडण लपवायचं होतं. कोण काय विचारील याचा अंदाज बांधून त्यांनी उत्तरं तयार केली आणि मशीनवर बसल्या बसल्या ती मनात घोकली. टेबलावर खुर्च्या कशा मांडायच्या तेही ठरवलं: आपण भिंतीशी, बेबी बरोबर दिव्याखाली. एवढं जमलं की बाजी मारली.

रविवारी संध्याकाळी पाहुणे आले. पाहुणे म्हणजे तरी कोण, बेबी आणि केमिस्ट. केमिस्टला माळ्याचं सोंग होतं. तो डोक्यावर जुनी टोपी आणि हातात बागेची कात्री घेऊन आला. नवऱ्याला प्रेताचं काम होतं आणि तो त्यावर भलताच खूश होता. “पाठांतर नाही, काही नाही,” तो म्हणाला. “हेच मला झेपेल.” सूप पिऊन झाल्यावर त्याने गळा धरला, एक लांबलचक आचका दिला आणि सोफ्यावर जाऊन आडवा झाला.

इथवर सगळं वहिनींच्या मनासारखं चाललं होतं. मग लेक उठली. “वातावरण पाहिजे!” म्हणत तिने खिडकीचा पडदा ओढला. तो वहिनींनीच शिवलेला, दुहेरी अस्तराचा. बाहेरचा उजेड बंद झाला. तिने दिवा बंद करून टेबलावर दोन मेणबत्त्या लावल्या. आणि आतल्या खोलीतून इन्स्पेक्टर बाहेर आला.

बेबीने आपल्या नवऱ्याचा लांब कोट घातला होता आणि नाकाखाली एक मिशी चिकटवली होती. साधीसुधी नव्हे, झाडू उभा धरावा तशी घनदाट, वरचा ओठ पार गिळून खालच्या ओठावर झुलणारी. केमिस्ट हसून हसून टेबलावर पडला. वहिनी मात्र त्या मिशीकडे बघतच राहिल्या. ओठ कुठे आहेत? मिशी हलत होती, म्हणजे बेबी बोलत होती. काय बोलत होती ते मेणबत्तीच्या त्या लुकलुकत्या उजेडात देवालाच ठाऊक.

“मालकीणबाई,” बेबी म्हणाली, “खुनाच्या दिवशी बागेत कोण होतं?”

वहिनींच्या कानात मधलेच दोन-तीन आवाज कसेबसे शिरले. “भाजीत?” त्या म्हणाल्या. “मीठ कमी झालंय का?”

केमिस्टच्या नाकातून पाणी यायचं बाकी राहिलं. बेबीनेही हसू दाबलं. उडवाउडवी करतेय बाई, तिला वाटलं. पण आपणही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाही.

“विषय बदलू नका. विष कुठून आणलंत?”

“वीस कशाला? आपण पाचच तर आहोत.”

“माझ्याकडे पुरावा आहे!”

“पुरेल हो. अजून पातेलंभर आहे आत.”

लेक पोट धरून खाली बसली. “आई, तू असलं नाटक कधीपासून करायला लागलीस?” केमिस्ट डोळे पुसत होता. सगळे हसतायत हे वहिनींना दिसलं, म्हणून त्याही हसल्या. आतून मात्र त्यांना घाम फुटला होता. आपण काय बोललो, लोक कशाला हसले, काही कळत नव्हतं. उठून आत जावं तर खेळ मोडेल, बसावं तर अब्रू जाईल.

“गुन्हा कबूल करा!” बेबीने टेबलावर हात आपटला.

“पुन्हा? थांबा, वाढते की.” आणि वहिनी खरोखर भाताचं भांडं घेऊन उठल्या.

पुन्हा हशा पिकला. पण या वेळी बेबी हसली नाही. ती वहिनींकडे बघत होती. वहिनी हसत होत्या, पण सगळ्यांचं हसू सुरू झाल्यावर, क्षणभर उशिरा. दिव्याचं बटण दाबल्यावर नळी आधी फडफडते आणि मग पेटते, तसं. आणि त्यांची नजर बेबीच्या डोळ्यांवर नव्हतीच. ती मिशीवर खिळली होती. हरवलेल्या पोराने गर्दीत आई शोधावी तशी.

बेबी वळली. वहिनींकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, सहज बोलावं अशा आवाजात ती म्हणाली, “वहिनी, तुझी बाही मेणबत्तीवर गेलीय. पेट घेतलाय बघ.”

मग काय विचारता! लेक किंचाळली. केमिस्टने पाण्याचा जग उचलला आणि मागचापुढचा विचार न करता वहिनींच्या हातावर रिकामा केला. त्या गडबडीने सोफ्यावरचं प्रेत “काय झालं? काय झालं?” करत उठून बसलं. आणि वहिनी? त्या केमिस्टच्या ताटात शांतपणे भात वाढत होत्या. बाही मेणबत्तीच्या जवळपासही नव्हती. अंगावर गार पाणी पडल्यावर त्या दचकल्या आणि ताटातल्या भाताचं तळं बघून म्हणाल्या, “अगंबाई!”

बेबीने दिवा लावला. मग दोन्ही हातांनी धरून ती मिशी ओढली. गोंद चांगलाच चिकटला होता; तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींच्या समोर खुर्ची ओढून ती बसली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, “वहिनी, मी आत्ता काय म्हणाले?”

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. हाताशी ठेवलेली तिन्ही उत्तरं एकामागून एक आठवली. एकही बसेना. ओली बाही पिळत त्या म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही गं, बेबी.”

एवढंच. वर्षानुवर्षं जपलेलं गुपित निघालं ते एवढ्याशा वाक्याचं.

“कधीपासून?” बेबीने विचारलं.

“बरीच वर्षं झाली. ओठ दिसले की कळतं. तुझ्या त्या मिशीने घात केला.”

बेबी पुढे सरकली. “म्हणजे त्या दिवशी, मी स्वयंपाकघरात आले होते तेव्हा, मी काय सांगितलं ते तुला...?”

“तुला नवी नोकरी लागली, असं सांगितलंस ना?”

“लागली?” बेबीचा आवाज चढला. “गेली होती! छापखान्याच्या ऑफिसातून मला काढून टाकलं होतं. सगळ्यांत आधी तुला सांगायला आले. तू नळाखाली भांडी धूत होतीस. वर पंखा घरघरत होता. तू मागे वळलीस आणि म्हणालीस, ‘वा! मग पार्टी कधी?’”

वहिनींचा हात तोंडावर गेला. त्यांना सगळं लख्ख आठवलं. ‘नोकरी’ एवढा एकच शब्द हाती लागला होता, बाकीचं त्यांनी आपल्या मनाने शिवून जोडलं होतं. पुढे काही महिन्यांनी बेबी वाचनालयात कामाला लागल्याचं नवऱ्याकडून कळलं, तेव्हा तर खात्रीच पटली की तीच ही नोकरी. मधल्या काळात ती बिनकामाची घरी बसली होती, हे बेबीने मानापोटी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मी पार्टी मागितली?” वहिनी म्हणाल्या. “तुझी नोकरी गेली, आणि मी...”

“वर ‘भरपूर खायला घाल हं’ असंही म्हणालीस.”

आणि बेबीला हसू फुटलं. ते नेहमीचं, जिन्याखालून वर पोचणारं. ती हसत होती आणि रडत होती आणि नाकाखाली गोंदाचा लाल पट्टा उठला होता. वहिनींनी तिला कवटाळलं. ओल्या बाहीने बेबीचा कोट भिजला.

सोफ्यावरून प्रेताचा आवाज आला. “एक विचारू?” नवरा नेहमीसारखा ओरडून बोलत नव्हता, पण आता उजेड होता आणि तो समोर होता, म्हणून वहिनींना कळलं. “दिवा मालवल्यावर मी हळू आवाजात काहीबाही बोलायचो. दिवसभराचं. तू उत्तर द्यायची नाहीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. म्हणून बोलायचं सोडलं.”

“अहो, अंधारात मला काय दिसणार तुमचे ओठ?”

“हे मला कुठे ठाऊक!” तो म्हणाला. एवढा आडदांड माणूस, पण डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा त्याने श्वास सोडला. लेक आईच्या पायाशी येऊन बसली. फोनवर आपण काही सांगितलं की आई “रेंज नाही गं” म्हणून ठेवून देते, म्हणजे आपलं दूर राहणं तिला पसंत नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. एकाच घरातली माणसं, आणि प्रत्येकाने आपापली वेगळी कहाणी रचून त्यावर वेगवेगळं दुःख केलं होतं.

केमिस्टने घसा साफ केला. “वहिनी, माझ्या आईला मशीन लावलंय कानाला. आधी कुरकुर केली, आता काढत नाही. आणि मला एक सांगा, तुम्ही माझ्यावर रागावलेल्या नाही ना?”

“तुमच्यावर? का बरं?”

“काही नाही...” तो म्हणायला गेला, आणि बेबीने त्याला मध्येच अडवलं. “‘काही नाही’ म्हणायचं नाही. नीट सांग त्यांना. तोंड इकडे करून.” मग त्याने गुडघ्याची हकिगत सविस्तर सांगितली आणि वहिनींनी तितक्याच सविस्तर गुडघ्याचं उत्तर दिलं.

खेळ अर्धवट राहिला होता, ते लेकीला बघवेना. तेव्हा दिवा लावूनच, पडदा उघडून, तपास पुढे चालला. बिनमिशीच्या इन्स्पेक्टरने वहिनींना सगळे प्रश्न पुन्हा विचारले आणि वहिनींनी घोकलेली उत्तरं अशी ठणकावून दिली की बेबीचा संशय उडून गेला. खुनी निघाला माळी. केमिस्टला पहिल्यापासून घाम फुटलेला होता, फक्त त्याच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नव्हती. “विष मीच घातलं,” तो कबूल करून बसला, “पण बाहेर बोलू नका. औषधाचं दुकान आहे माझं.”

पुढच्या आठवड्यात बेबी वहिनींना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोलीत वहिनींना बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खिडकीपलीकडून बेबी भुवया उडवून खाणाखुणा करत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर काढलं. निकाल असा लागला की बरीचशी करामत मशिनांच्या खडखडाटाची, उरलेली वयाची. “उशीर केलात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण काम होईल.”

मग दुकानात सांगायची वेळ आली. आता आपल्याला घरी बसवतात की काय, अशी भीती. मालकाने ऐकून घेतलं आणि उठून मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. मशिनं चालू होती. थोडा वेळ तो नुसता उभाच राहिला, मग कानात बोटं घालून परत आला. “मी इथे कधी पाच मिनिटंही थांबलो नव्हतो,” तो म्हणाला. त्या महिन्यात मागे बसणाऱ्या सगळ्या बायकांना कानांवर चढवायची जाड आवरणं आली. वहिनींची जागा होती तिथेच राहिली.

कानातलं यंत्र बसवलं त्या दिवशी सुरुवातीला त्यांना पश्चात्तापच झाला. जग केवढं भांडकुदळ आहे! पिशवी चुरचुरते, खुर्ची करकरते, आपल्याच चपला आपल्यामागे चटचटत येतात. दवाखान्याबाहेर पदपथावर दुरुस्ती चालली होती आणि एकाच माणसापुरती वाट उरली होती. वहिनी पुढे झाल्या, बेबी मागून चालू लागली. वाचनालयातल्या नव्या साहेबांची गोष्ट ती सांगत होती. ते पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला सांगतात, आणि त्यावरून तिचं काय वाजलं, ते.

थोडं पुढे गेल्यावर बेबीच्या लक्षात आलं आणि ती थांबली. “अगं, मी मागून बोलतेय. कळतंय का तुला?”

वहिनी वळल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, “उंचीप्रमाणे लावली, मग जाडीला काय केलं त्यांनी?”

मग बेबीच्या जड पावलांचा धपधप आवाज लगबगीने जवळ आला, आणि जाडीला साहेबांनी काय केलं, ते ती अगदी पहिल्यापासून सांगू लागली.